वडीगोद्रीत बेस वाजतो, पण हळू!

वरातीत डीजेच्या गाडीजवळ उभं राहून कधी छातीवर हात ठेवून बघितलाय? 'झिंगाट' कानात वाजतं, पण छातीत जे धडधडतं ते वेगळंच असतं. ते म्हणजे बेस. आता शहरात 'बेस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते चार जाड तारांची गिटार आणि ती वाजवणारा बॅंडमधला तो मेंबर, जो ग्रुप फोटोत हमखास अर्धा कापला जातो. जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीत 'बेस' म्हणजे अठरा इंची स्पीकरची, दोघांनी उचलायची पेटी. गिटारबिटारशी तिचा काही संबंध नाही. हे दोन बेस एकमेकांना भेटले तर? या हिवाळ्यात ते भेटले. ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे होतं.

'ही काय, बंदूक?'

वडीगोद्री हे माझं आजोळ. तालुका अंबड. धुळे-सोलापूर हायवेवर छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालात की पाचोड मागे पडतं आणि थोड्याच वेळात वडीगोद्री येतं. इथून एक रस्ता अंबडमार्गे जालन्याला फुटतो. पुढे शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा सुरू. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस आला, मोसंबीच्या बागा आल्या. हिवाळ्यात हायवेवर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि ओव्हरटेक करताना तुमच्या संयमाची परीक्षा होते.

गाव म्हणून इथे 'बघण्यासारखं' काय, असं विचाराल तर टुरिस्ट गाइडमध्ये टाकण्यासारखं काही नाही. २०२४ च्या जूनमध्ये मात्र वडीगोद्री रोज टीव्हीवर होती. ओबीसी आरक्षणासाठीचं उपोषण इथेच झालं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर माहीत झालेली अंतरवाली सराटीही इथून हाकेच्या अंतरावर. तेव्हा पुण्यातल्या मित्रांना माझ्या आजोळचं नाव पहिल्यांदा कळलं. पण टीव्हीच्या गाड्या गेल्यावरही गाव असतंच की. आणि गावाला लग्नं असतात.

तर, एसटीत मी आणि माझी बेस. बेस गिटार साधारण पावणेचार ते चार फूट लांब असते. साध्या गिटारपेक्षा चांगली मोठी. कंडक्टरने बॅगेकडे बघून विचारलं, 'ही काय, बंदूक?' शेजारच्या आजी म्हणाल्या, 'विणा असंल हो.' मी म्हटलं, विणाच समजा, फक्त करंटवर चालणारी. पाचोडपर्यंत अर्ध्या एसटीला माझं नाव, गाव आणि लग्न झालंय की नाही हे माहीत झालं होतं.

बेस घ्यायची कशी?

माझी बेस सेकंडहॅंड. पुण्यात हा बाजार नेहमी गरम असतो. कुणाला ऑनसाइट जायचं असतं, कुणाचं लग्न ठरतं, कुणाला कळतं की यूट्यूब बघून बोटं आपोआप चालत नाहीत. नवी बिगिनर बेस साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात जाते. तीच वापरलेली बऱ्याचदा निम्म्यात सुटते. माझ्या बेसचा मूळ मालक जर्मनीला चालला होता. किंमत ठरवायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. कारण साधं होतं. बॉडीचा रंग पोपडे निघालेल्या भिंतीसारखा झाला होता.

रंगाला घाबरू नका, बॉस. सेकंडहॅंड बेसमध्ये बघायची ती मान. चार तारा मिळून मानेवर साधारण सत्तर-ऐंशी किलोचा ताण देतात. म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या लाकडाला लोंबकळतोय असं समजा. लाकूड वाकू नये म्हणून मानेच्या पोटात एक लोखंडी दांडा असतो, त्याला ट्रस रॉड म्हणतात. घराच्या बीममध्ये सळई घालतात ना, तोच विचार. माझ्या मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'म्हंजी जालन्याचाच माल की!' जालना हे सळईच्या कारखान्यांचं गाव. त्यामुळे त्याला गिटारचं पहिलं तत्त्व सांगायला मला दुसरी उपमा लागलीच नाही.

आणि त्या मानेवरची काळपट तपकिरी पट्टी, जिच्यावर बोटं फिरतात? ती बहुतेक वेळा रोझवूडची असते. जगभरातल्या कंपन्या ज्याला 'इंडियन रोझवूड' म्हणून मिरवतात तो म्हणजे आपला शिसव. हे लाकूड इतकं तुटलं की २०१७ च्या जानेवारीपासून त्या कुळातल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. नुसती गिटार परदेशी विकायलाही कागदपत्रं लागू लागली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मामाच्या घरी आजोबांच्या काळचा शिसवी पलंग आहे. मी बेसची मान त्याच्या पायाला लावून बघितली. तोच रंग, तेच दाणे. मामी म्हणाली, 'पलंगाला हात लावायचा नाही हं, आधीच सांगते!'

गॅरेजमधला लाल

रंग द्यायला पुण्यात दोन ठिकाणी विचारलं होतं. सांगितलेले दर ऐकून मी गप्प घरी आले. मग मामेभावाने फोनवर सुचवलं, 'ताई, आमच्याकडं आण. ट्रॅक्टरची बॉनेटं नव्यासारखी करून देणारा माणूस हाय.' ऐकायला विनोद वाटतो ना? पण हिस्ट्री बघा. लिओ फेंडरने १९५१ मध्ये अमेरिकेत पहिली गाजलेली इलेक्ट्रिक बेस आणली, 'प्रिसिजन बेस'. पुढे त्याच्या कंपनीने जे झकपक रंग काढले ते चक्क मोटारींचे होते. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. आज कलेक्टर्स ज्या रंगांसाठी लाखो रुपये मोजतात, ते मुळात गॅरेजमधले डबे! त्यामुळे हायवेकडेच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि हार्डनरची बाटली बघितल्यावर मला अगदी योग्य ठिकाणी आल्यासारखं वाटलं.

काम कसं चालतं ते ऐका. आधी तारा काढायच्या, मान काढायची, पिकअप आणि नॉब काढायचे. कोणता स्क्रू कुठला, ते पाकिटावर लिहून ठेवायचं. मग दोनशे चाळीसचा पॉलिश पेपर, मग चारशेचा. जुना पॉली कोट इतका जाड होता की पेंटर दादा म्हणाले, 'ह्यो रंग न्हाई, गिलावा हाय!' मग प्रायमर, तो घासून सपाट, मग रंग, मग वर क्लिअर कोट. शेवटी हजार ते दोन हजारचा पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवायचा आणि रबिंग कंपाउंडने चकाकी आणायची.

दोन गोष्टी मी त्यांना पुन्हा पुन्हा बजावल्या. मान बसते त्या खाचेत रंग जाऊ द्यायचा नाही. तिथे रंगाचा थर साचला की मान नीट बसत नाही आणि सगळं सेटिंग बोंबलतं. दुसरं, पिकअपच्या खळ्यातला शिल्डिंगचा काळा थर घासायचा नाही, तोच बाहेरचा गुंगुं आवाज अडवतो. त्यांनी शांतपणे मास्किंग टेप लावली आणि म्हणाले, 'ताई, आम्ही इंजिनात रंग सांडत न्हाई.' विषय संपला.

एक फुकटचा सल्ला. हार्डनरवाले रंग तुमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने फुप्फुसांची वाट लागते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, खरा रेस्पिरेटर मास्क लागतो. आणि घाई नको. क्लिअर कोट दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो, पण आतून कडक व्हायला त्याला आठवडे लागतात. म्हणून बॉडी तिथेच ठेवून मी परत आले. डिसेंबरात दिली, जानेवारीत घ्यायला गेले. रंग कोणता? हायवेवर जो सगळ्यात जास्त दिसतो तोच. ट्रॅक्टरचा लाल.

मामांचा बेंजो

आता खरी गोष्ट. माझे मामा नव्वदच्या दशकात बेंजो पार्टीत होते. बेंजो म्हणजे अमेरिकेतलं ते गोल बॅंजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं लांबट वाद्य. १९१२ मध्ये जपानच्या नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने 'ताइशोगोतो' बनवलं. ते भारतात आलं, बुलबुल तरंग झालं, त्याला पिकअप लागला, पुढे ॲम्प्लिफायर लागला आणि महाराष्ट्राच्या वरातींनी त्याला 'बेंजो' म्हणून आपलंसं केलं. २०१६ मध्ये रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन याच नावाचा हिंदी सिनेमाही काढला.

मामांनी माझी बेस उलटी-पालटी केली, पिकअपवर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'हे तर आमच्यावानीच हाय. लोहचुंबक अन् तार.' शंभर टक्के बरोबर! चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, वर हलणारी पोलादी तार आणि त्यातून निघणारा चिमुकला करंट. फेंडरची बेस असो की मामांचा बेंजो, आतला फंडा एकच.

मग बेंजो बंद का पडला? तर डीजे आला. बेंजो पार्टीत आठ-दहा माणसं, प्रत्येकाची हजेरी, जेवण, गाडी. डीजेला एक ऑपरेटर, एक ड्रायव्हर आणि एक पेनड्राइव्ह. मामांच्या पार्टीला सुपाऱ्या येणं आटलं. माणसं कारखान्यावर, शेतात, पुण्याला पांगली. आणि या पट्ट्यातली एक डीजेची गाडी कुणाची? माझ्या मामेभावाची. मामांच्याच मुलाची! कर्ज काढून घेतलेली, हप्ते अजून चालू असलेली. घरात यावर कुणी बोलत नाही. बेंजो पलंगाखाली असतो आणि बेसच्या पेट्या दारातल्या पत्र्याखाली. मध्ये एक अंगण.

२०२४ च्या त्या महिन्यांमध्ये हे अंगणही शांत होतं. मामेभाऊ सांगतो, 'ताई, त्या टायमाला सुपारी घ्यायच्या आधी लोक गाडी कुणाची ते इचारायचे. पयलं फक्त रेट इचारायचे.' एवढं बोलून त्याने विषय बदलला. मीही बदलला.

अठरा इंची पेटीत चार तारा

जानेवारीत लाल बॉडीवर मान बसवली, नव्या तारा ओढल्या आणि प्रश्न आला, लावायची कशात? माझा छोटा ॲम्प पुण्यात. मामेभाऊ म्हणाला, 'एवढी पेटी हाय की!'

इथे जरा टेक्निकल, पण कामाचं. बेस गिटार थेट डीजेच्या मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली तर आवाज मेल्यासारखा येतो. साध्या पिकअपला समोर साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो आणि लाइन इनपुट असतो काही हजारांचा. मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लावली की काम होतं. ती माझ्या बॅगेत कायम असते, लिपस्टिकच्या शेजारी.

दुसरा गैरसमज वॉटचा. मामेभावाला वाटायचं, दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज. तसं नसतं. वॉट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून तर बेस ॲम्प अवाढव्य असायचे. १९६९ चा ॲम्पेगचा एसव्हीटी तीनशे वॉटचा होता आणि त्याचं नुसतं हेडच चाळीस किलोच्या आसपास! आज क्लास डी तंत्रामुळे पाचशे वॉटचं हेड लॅपटॉपच्या बॅगेत मावतं.

आणि बेस एवढा लांबवर का जातो? सगळ्यात जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा. त्याची एक लाट सव्वाआठ मीटर लांब असते, ट्रॉलीपेक्षा मोठी. तिला घराची भिंत काय अडवणार? म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गाणं ऐकू येत नाही, पण पत्रे थडथडतात.

आम्ही सहा पेट्यांपैकी एकच लावली, आवाज अगदी खाली ठेवला. जनरेटर नको, घरचीच लाइट. मामांनी पलंगाखालून बेंजो काढला. पुसला. बटणं अडकत होती, तेल घातलं. तारा लावायला तासभर गेला. मी बेस ट्यूनरवर लावत होते. सगळ्यात बारीक तार छेडली, तशी मामांनी मान हलवली. 'ही उतरली.' ट्यूनर म्हणत होता, बरोबर आहे. 'न्हाई, त्या डीपीपेक्षा उतरलीय बघ.' अंगणाच्या पलीकडे खांबावर महावितरणचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.

मी हिशेब केला आणि उडालेच! आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड त्याच्या दुप्पट वेगाने थरथरतं, म्हणजे १०० हर्ट्झ. माझी मोकळी जी तार ९८ हर्ट्झची. डीपी खरोखरच जरासा चढा वाजत होता. साठीतल्या, एका कानाने जवळपास बहिऱ्या माणसाने दोन हर्ट्झचा फरक पकडला होता.

बहिरेपणाचं कारण सांगायला नको. वर्षानुवर्षं भोंग्याशेजारी उभं राहून वाजवलं. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा आधी वरचे स्वर जातात, खालचे टिकून राहतात. त्यामुळे मामांना स्वतःचा बेंजो पुरता ऐकू येत नाही. पण मी जाड तार वाजवली तेव्हा त्यांनी पेटीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, 'हे येतंय. सगळं येतंय.' मग त्यांनी हात तसाच ठेवून मला दहा मिनिटं वाजवायला लावलं, आणि नंतर बेंजो मांडीवर घेतला.

आम्ही दोन गाणी वाजवली, तीही अडखळत. बेसचं काम असतं खालून आधार देण्याचं. टोनी वाझ यांनी आर. डी. बर्मनच्या गाण्यांना तो दिला. आज मुंबईची मोहिनी डे बेस पुढे आणून जगभर वाजवते. मी यातलं काहीच करत नव्हते. मामांचा हात कुठे जातो ते बघून खालचा स्वर धरत होते, इतकंच. ते चुकले की मी थांबत होते, ते सापडले की मी निघत होते. शेजारच्या ओट्यावर माणसं येऊन बसली. कोण कुठल्या आळीतलं, मला ओळखता येत नाही. मामेभावाला येतं. तो मिक्सरवर हात ठेवून त्या ओट्याकडेच बघत होता.

साडेनऊला त्याने आवाज आणखी खाली केला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. डीजेवाल्याइतकी ही वेळ कुणाला पाठ असणार? तारा काढताना तो म्हणाला, 'आबा, हळदीला बेंजो चालंल का? डीजे न्हाई, नुसता बेंजो अन् एक पेटी.' मामांनी विचारलं, 'अन् पैका?' 'डीजेएवढा न्हाई मिळायचा.' 'मंग हप्ता?' दोघंही गप्प. डीपी तेवढा गुणगुणत राहिला.

हप्त्याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही. पण मागच्या आठवड्यात मामेभावाचा मेसेज आला. मेमधली एक हळद ठरली आहे, घरातलीच, बिनपैशाची. 'ताई, लाल बेस घेऊन ये. कंडक्टरला सांग, बंदूकच हाय.'

सेकंडहॅंड बेस घेताना...
- मान डोळ्यासमोर धरून शेवटापर्यंत बघा. पीळ असेल तर सोडून द्या. थोडा बाक चालतो, ट्रस रॉडने निघतो. पण ट्रस रॉड फिरतोय ना, ते विचारा.
- प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर वाजवा. कुठे तार खडखडते का?
- नॉब फिरवताना खरखर येत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा क्लीनर स्प्रेने जाते. त्यावरून घासाघीस मात्र जरूर करा.
- ॲक्टिव्ह बेस असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झाल्यावर केबल काढा, नाहीतर बॅटरी उतरते.
- अमेरिकेहून कुणी ॲम्प आणला तर आधी व्होल्टेज बघा. तिकडे १२०, आपल्याकडे २३०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर नसेल तर धूर निघेल.
- कानात इअरप्लग घाला. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त पंधरा मिनिटं!

कसं जाल?
पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून बीडकडे जाणारी एसटी. मुंबईकरांनी ट्रेनने जालना गाठावं, पुढे अंबडमार्गे रस्ता. हिवाळ्यात गेलात तर मोसंबी घ्या. आणि अंधार पडल्यावर एखाद्या डीपीजवळ मिनिटभर उभे राहा. जी सापडतो का बघा. जरासा चढा असेल.